दुप्पट कूपनांचा बुधवार

बुधवारी एमिल ह्राबोव्स्की गाडीतच बसून राहायचा.

मिलीला दुकानाच्या दाराशी उतरवायचं, गाडी दुकानापुढच्या गाड्या लावायच्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला लावायची, टोपी डोळ्यांवर ओढायची आणि ती बाहेर येईपर्यंत रेडिओ ऐकायचा. उन्हाळ्यात बेसबॉल, हिवाळ्यात बातम्या. हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. मिली ढकलगाडी रेटत बाहेर आली की तो गाडी पुढे आणायचा आणि पिशव्या डिकीत भरायचा. ओझं उचलायला त्याची ना नव्हती. आत जायला होती.

"आत काय वाघ बसलेत?" मिली विचारायची.

"माणसं असतात."

"दुकान आहे ते. माणसंच असणार."

"कारखान्यातली असतात."

यावर मिली हसायची आणि विषय सोडून द्यायची. खरं कारण तिला ठाऊक होतं.

ते कारण एकोणसाठ सालच्या मोठ्या संपातलं होतं. मॅहोनिंग नदीच्या काठचे सगळे पोलाद कारखाने थंड पडले होते. घरात तीन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी. युनियनच्या हॉलमध्ये संपकऱ्यांना फुकट पीठ आणि घेवडा वाटायचे. खोऱ्यातले निम्मे पुरुष त्या रांगेत उभे राहिले, एमिल राहिला नाही. मिलीने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. रविवारी चर्च सुटलं की ती शेजारपाजारची वाचून झालेली वर्तमानपत्रं मागून आणू लागली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री घेऊन बसू लागली. त्यातली सवलतीची कूपनं कापायची: साबणावर अमुक सेंट सूट, कॉफीवर तमुक.

संप मिटला. पगार सुरू झाला. कात्री मात्र सुरूच राहिली.

एमिलला ते खुपायचं. कारखान्याच्या पत्राकाम खात्यातला तो पहिल्या प्रतीचा कारागीर. यंत्रांवरची झाकणं, धुराची नळकांडी, हवेचे मार्ग, सगळं त्याच्या हातचं. पूर्ण पगार घरी आणणाऱ्या माणसाच्या बायकोने गल्ल्यावर कागदाचे कपटे पुढे करावेत, तेही मागे रांग उभी असताना, हे त्याला हात पसरण्यासारखं वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानणारा तो. आणि मिली ती मूठ दर बुधवारी अख्ख्या गावासमोर उघडत होती.

पण त्या कपट्यांवर आलेलं तो खात होता. तिन्ही मुली शिकल्या, घराचं कर्ज वेळेआधी फिटलं, कारखाना कायमचा बंद पडला तेव्हाही ताटातलं काही कमी झालं नाही. हे सगळं त्याला कळत होतं. कळणं आणि आत जाणं यांच्यात मात्र ते मैदान होतं.

कूपनं सगळेच कापतात. रविवारचं वर्तमानपत्र जाड असतं, मध्ये रंगीत पानांची चवड असते, आणि कात्री कोणाच्या घरात नसते? पण कापणं म्हणजे निम्मं कामसुद्धा नव्हे. कच्चा माणूस कूपन हातात आलं की त्याच आठवड्यात दुकानात धावतो. मिली कधी धावली नाही. ती कूपन बुटांच्या खोक्यात ठेवायची आणि थांबायची. महिन्या-दीड महिन्यात दुकानदार आपणहून त्या वस्तूचा भाव उतरवतोच. भाव उतरलेला हवा, कूपनाची मुदत शिल्लक हवी आणि वार बुधवार हवा, कारण बुधवारी डुरान्स्कीच्या दुकानात कूपनाची किंमत दुप्पट धरायचे. हे सगळं जुळून आलं की मगच खोकं उघडायचं. तोवर घरातली कॉफी संपली तर चहा प्यायचा. चहा संपला तर पाणी.

"कूपन आहे म्हणून वस्तू घ्यायची नसते," ती मुलींना सांगायची. "वस्तू हवी म्हणून कूपन शोधायचं. उलटं केलंत की दुकानदार जिंकला."

एमिल हे शेजारच्या खोलीत बसून ऐकायचा. पत्र्याचंही तसंच असतं. आधी आखायचं, मग थांबायचं, पुन्हा मोजायचं, मग कापायचं. बायको आपल्याच जातीची कारागीर आहे, हे त्याला फार आधी उमगलं होतं. ते तिला सांगायचं राहून गेलं.

ऑक्टोबरात मिली कोबीची पानं उकळत होती. पानात खिमा आणि भात भरून करायच्या गुंडाळ्या, त्याच्या आवडीच्या. झारा खाली पडला. ती वाकली, पण हात झाऱ्यापर्यंत गेलाच नाही. एमिल आला तेव्हा ती जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

अर्धांगाचा झटका. इस्पितळातून घरी आली तेव्हा पाय कसाबसा ओढता येत होता, चार पायांची काठी धरून. उजवा हात मांडीवर पडून असायचा. बोलणं जड झालं होतं. शब्द आत असायचे, पण बाहेर येताना अडायचे. ते अडले की मिली वाट बघायची नाही, गप्प व्हायची. आयुष्यभर वाट बघण्यावर संसार केलेली बाई, आपल्याच शब्दासाठी थांबेना.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू देऊन गेली. रोज दाबायचा, म्हणाली. चेंडू खिडकीत पडून राहिला.

किराणा आता थोरली मुलगी डार्लीन आणू लागली. बँकेतून सुटली की शनिवारी वाटेतल्या दुकानातून सगळं घ्यायची, पूर्ण भावाने, जे हाताला लागेल ते. मनाने सोन्यासारखी मुलगी. पिशव्या टेबलावर ठेवून ती आधी आईचे केस विंचरायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिने कपाट आवरायला काढलं. बुटांचं खोकं हातात आलं.

"ममा, यातली सगळी कूपनं मुदतीबाहेर गेलीत गं. काय करू?"

मिलीने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टाक."

"सगळं?"

"टाक."

डार्लीनने बापाकडे बघून खांदे उडवले आणि खोकं कचऱ्याच्या पिशवीत सारलं. एमिल तिच्यामागून दारापर्यंत गेला.

"उगाच टाकलंस."

"पपा, तीच म्हणाली ना? आणि आता कशाला हवंय ते? पेन्शन आहे तुमची. दोन माणसं खाणार किती?"

"प्रश्न खाण्याचा नाही."

"मग कशाचा?"

यंत्राचा एक बोल्ट सैल झाला तर आवाज येतो, तो कानाला कळतो. इथे कसलाही आवाज न होता एकेक बोल्ट गळून पडत होता. आधी स्वयंपाक गेला. मग चर्चमधल्या बायकांचे फोन. आता हे. पुढचं 'टाक' ती कशाला म्हणेल, याचा विचार करायची त्याला भीती वाटत होती.

"काळजी घे, रस्त्यावर बर्फ आहे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तळघरात उतरला.

तिथे त्याचं जुनं सामान होतं. पत्र्याची कातर, लाकडी मोगरी, सांध्याला कथलाचा डाग द्यायची खोरणी. जस्ताचा पत्रा होता, चांगल्यापैकी. मिलीला पेटी करून द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. बुटाचं खोकं नव्हे, कूपनांसाठी पेटी. डाव्या हाताने उघडता येईल अशी. झाकणाला पुढे ओठ, नुसता अंगठा लावला की वर येणारा. बूड जड, म्हणजे एका हाताने कूपन काढताना पेटी सरकणार नाही. आत खण.

त्याने वर्तमानपत्रातून एक कूपन कापून आणलं, कॉफीचं, आणि त्या मापाने आखणी केली. आठवडाभर काम चाललं. कडा दुमडून बोथट केल्या, बोट कापू नये म्हणून. डाग असे दिले की सांधा शोधावा लागावा. खणाचा एक पडदा केसभर तिरका बसला, तो त्याने तापवून काढला आणि पुन्हा बसवला. कोणाला दिसला नसता. त्याला दिसला होता.

मग न उघडलेले रविवारचे अंक खाली नेले आणि कूपनं कापली. आणि अडचण आली. कूपनं एका मापाची नव्हती. काही कॉफीच्या कूपनाएवढी, पण पुष्कळ त्याहून उंच. ती खणात घातली की डोकं वर काढत आणि झाकण बसेना.

एमिलने कूपनं निरखली. प्रत्येकाच्या वरच्या कडेला एक पट्टी होती, बारीक अक्षरांची. खाली वस्तूचं चित्र, सुटीचा आकडा, काळ्या रेघा. कामाचं सगळं खाली होतं. वरची पट्टी त्याला कडेला सोडलेल्या फालतू पत्र्यासारखी वाटली. त्याने पोलादी पट्टी ठेवली आणि धारदार पात्याने एकेक कूपन मापात आणलं. चवड अशी झाली की पत्त्यांचा नवा कोरा जोड. झाकण टक्क करून बसलं.

मंगळवारी त्याने पेटी मिलीच्या मांडीवर ठेवली.

तिने डावा हात झाकणावरून फिरवला. सांध्यावरून बोट नेलं. "छान," ती म्हणाली.

"अंगठा लाव. तिथे."

तिने लावला. झाकण उघडलं. आत बघितलं न बघितलं आणि ते पुन्हा मिटलं.

"उद्या बुधवार आहे," एमिल म्हणाला. "मी जातो."

"आत?"

"आत."

मिलीने डोळे मिटून घेतले. "जा."

डुरान्स्कीच्या दुकानात तो इतक्या वर्षांनी शिरला की दारं आपोआप उघडतात हेसुद्धा त्याला नवीन होतं. सामानाच्या फळ्यांमधल्या गल्ल्या होत्या, पाट्या होत्या, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्याच्याशिवाय. ढकलगाडीचं एक चाक लंगडत होतं. आधी ते दुरुस्त करावं असं त्याच्या हातांना वाटलं. पेटी बाळाला बसवायच्या जागी ठेवून तो निघाला. ज्याचं कूपन ते सामान, असं करत गाडी भरली. कारखान्यातले दोघे भेटले. एकाने मान हलवली, दुसऱ्याने पाठीवर थाप मारून मिलीची चौकशी केली. कोणी हसलं नाही.

गल्ल्यावर वाँडा होती, त्यांच्याच चर्चमधली, चष्मा साखळीला अडकवलेली. तिने सामान मोजून घेतलं आणि एमिलने झाकणाला अंगठा लावला. टक्क.

"अगं बाई! पेटी कुठून आणलीत?"

"केली."

"आमच्या नवऱ्याला साधी खुंटी ठोकता येत नाही." वाँडाने पहिलं कूपन घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. दुसरं घेतलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "एमिल, यांची डोकी कुठायत?"

"कसली डोकी?"

"अहो, वरची पट्टी. मुदतीची तारीख वर असते! सगळ्यांची मुंडकी उडवलीत की तुम्ही!"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. एमिलने चवडीकडे पाहिलं. एकसारखी, काटकोनात कापलेली, निर्दोष चवड.

"पेटीत बसत नव्हती," तो म्हणाला.

वाँडाचा चेहरा उतरला. "मला घेता येत नाहीत हो. तारखेशिवाय कंपनीकडून परत येतात, मग माझ्या नावावर पडतात. मिलीसाठी घेतलीही असती, पण..."

"नाही. नियम तो नियम."

त्याने पूर्ण भाव दिला. इतकी वर्षं ज्या शरमेला भिऊन तो गाडीत बसला होता ती आलीच नाही. आली ती वेगळीच. चांगला माल त्याने स्वतःच्या हाताने वाया घालवला होता. एवढ्या नोकरीत अख्खी खेप भंगारात गेली असं एकदाही झालं नव्हतं. आणि झालं कशाने? आराखडा न वाचता कातर चालवली म्हणून. नव्या पोराला त्याने यासाठी तासभर झापलं असतं.

घरी येऊन तो मिलीसमोर उभा राहिला. खोटं बोलण्याचा विचार वाटेत आला होता, पण टिकला नाही.

"घेतली नाहीत," तो म्हणाला आणि पेटी उघडून पुढे धरली.

मिलीने डाव्या हाताने एक कूपन काढलं. डोळ्यांजवळ नेलं. दुसरं काढलं. मग तिने त्याच्याकडे बघितलं, आणि ते तोंड, जे एका बाजूने खाली ओढलं गेलं होतं, ते वाकडं होऊ लागलं. एमिल घाबरला. पुन्हा झटका आला असं वाटून तो फोनकडे वळणार, तोच आवाज फुटला. ती हसत होती. एका बाजूने, घशातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"गा... गाढवा," ती म्हणाली.

"पेटीत बसत नव्हती गं."

"तारीख! तारीख असते तिथे!"

"आता कळलं."

"काय... आणलंस?"

तो एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवू लागला. साबणाचं खोकं. सूपचे डबे. कॉफी.

मिलीचं हसू थांबलं. "कॉफी? आज?"

"कूपन होतं."

"भाव... भाव उतरलाय का?"

"ते मी पाहिलं नाही."

"नाही उतरला! उतरणार ईस्... ईस्..." शब्द अडला. एमिलला तो दिसत होता, दाराशी अडकलेला. ती गप्प होईल, असं त्याला वाटलं. पण मिलीने डाव्या मुठीने खुर्चीच्या हातावर ठोसा मारला आणि थांबली. चिडून थांबली. "ईस्टरला! ईस्टरच्या आधी उतरतो! आणि हे काय? मांजराचं खाणं?"

"त्याचंही कूपन होतं."

"मांजर कुठंय?"

एमिलने मान खाली घातली. घरात मांजर नव्हतं. कधीच नव्हतं.

"कूपन आहे म्हणून..." मिलीने सुरुवात केली.

"...वस्तू घ्यायची नसते," त्याने पुरं केलं.

"ठाऊक होतं? आणि तरी?"

"ऐकून ठाऊक होतं."

ती आणखी बराच वेळ बोलत राहिली. तुटक, अडखळत, मध्येच चुकीचा शब्द घेऊन, तो थुंकून टाकून दुसरा शोधत. एमिल हातात मांजराच्या खाण्याचा डबा धरून शिव्या खात उभा राहिला आणि एकही शब्द हुकू नये म्हणून जागचा हलला नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने स्वतः टेबलाजवळ खुर्ची मागितली. एमिलने रंगीत पानं पसरली. ती सारखी गुंडाळली जात होती, आणि कात्री एमिलकडे असल्यामुळे धरायला कोणी नव्हतं. तो काहीतरी वजन शोधायला उठला.

"बस," मिली म्हणाली. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि पानावर ठेवला. जड हात. पान सपाट झालं.

"दुखतो का?"

"वजन आहे. ठेवायला काय झालं? काप."

त्याने कापायला घेतलं. रेघेला रेघ.

"रेघेच्या बाहेरून," ती म्हणाली.

"आम्ही रेघ कापून टाकायचो."

"पत्र्यात. इथे रेघ... राहू दे."

तो बाहेरून कापू लागला. ती बोटाने दाखवायची, हे घे, हे सोड. मांजराच्या खाण्याचं कूपन आलं तेव्हा मिलीने ते पान सावकाश, जाणूनबुजून उलटलं. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना तिने उजवा हात डाव्याने उचलायचा आणि पुढे ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या पानाला एमिलच्या नजरेस एक गोष्ट पडली. पान सुटू लागलं की त्या हाताची करंगळी आत ओढली जात होती. तो बोलला नाही. बोललो तर थांबेल, असं त्याला वाटलं. तो कापत राहिला.

शेवटी चवड झाली, लहानमोठी, ओबडधोबड. ती पेटीत घातली आणि झाकण पुन्हा अर्धवट उभं राहिलं.

एमिलने पात्याकडे बघितलं.

"हात लावशील तर बघ," मिली म्हणाली. "पेटी काप."

"पेटी?"

"पेटी चुकली. कूपन नाही."

आठवडाभराचं काम होतं ते. सांधा शोधावा लागेल असे डाग. पण माप चुकलं असेल तर डाग कितीही चांगला असून काय उपयोग? पेटी घेऊन तो तळघरात गेला, खोरणी तापवली आणि आपलेच डाग एकेक करून सोडवले. चारी बाजूंना नवा पत्रा जोडून पेटी उंच केली. पहिलीइतकी देखणी राहिली नाही. पोटावरून एक सांधा फिरला, बघणाऱ्याला दिसेल असा.

मंगळवारी डार्लीनचा फोन आला. मिलीने तो स्वतः घेतला.

"शनिवारी... काही आणू नकोस."

"का गं ममा? बरी आहेस ना?"

"उद्या मी जाणार."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "पपांना दे."

एमिलने कानाला लावला.

"पपा, बाहेर किती गारठा आहे. ती पडली म्हणजे?"

"मी आहे."

"तुम्ही तर गाडीत बसता!"

"नाही बसणार," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुकानाची चाकांची खुर्ची होती. मिली तीत बसली, मांडीवर पेटी. एमिल ढकलत होता आणि टोपलीसुद्धा धरत होता. ती बोट दाखवायची, डावीकडे, थांब, मागे. या गल्ल्यांतून ती जशी चालत होती तशीच आताही जात होती, फक्त पाय त्याचे होते. मार्जरिन घेतलं. नूडल्सचं मोठं पाकीट घेतलं, कोबीबरोबर परतायला. कॉफीसमोर ती थांबली, भाव वाचला, नाक मुरडलं आणि पुढे चल म्हणून खूण केली.

गल्ल्यावर वाँडा तिला बघून टाळ्याच वाजवायची बाकी होती. "मिली! देवा! कुठे होतीस इतके दिवस? यांनी तर आमच्याकडे कत्तलखाना उघडला होता."

"ऐकलं," मिली म्हणाली.

सामान मोजून झालं. मिलीने झाकणाला अंगठा लावला आणि पहिलं कूपन काढलं. दोन बोटांत एकच यायला हवं होतं, तीन आली. तिने तिन्ही मांडीवर ठेवली, एक वेगळं केलं, वाँडाला दिलं. मग दुसरं. एक खाली पडलं. एमिलने उचलून तिच्या हातात दिलं. वाँडाला नाही, तिच्या. मागे रांग वाढत होती. दुसरा गल्ला बंद होता.

"पत्ते पिसतायत की काय?" मागचा माणूस म्हणाला. फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं.

एमिलचे कान तापले. तीच जुनी ऊब, मानेपासून वर चढणारी. पेटी उचलून चवड वाँडासमोर ठेवली असती तर क्षणात संपलं असतं. त्याचा हात पेटीकडे गेलाही.

"हात," मिली म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मग तो वळला. मागचा माणूस तरुण होता, हातात दुधाचं एकच कॅन.

"वेळ लागेल," एमिल त्याला म्हणाला. "काम बारीक आहे."

"अहो, मला कामावर जायचंय."

"मग पुढे ये आणि आधी दे. वाँडा, घे याचं." दुधाचे पैसे चुकते झाले, तरुण ओशाळून निघून गेला. त्याच्या मागच्या बाईने आपली टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन आरामात उभी राहिली. "सावकाश गं मिली," ती म्हणाली. "मला घरी जाऊन नवऱ्याचंच तोंड बघायचंय."

कूपनं संपली. वाँडाने आकडे ठोकले, पावतीची पट्टी फाडली आणि एमिलपुढे धरली. मिलीने डावा हात मध्येच आणला आणि ती घेतली. वाचू लागली. ओठ हलत होते. रांगेत कोणीतरी सुस्कारा टाकला.

"नूडल्स," मिली म्हणाली.

"काय नूडल्सचं?"

"दु... दुप्पट नाही धरलं. एकदाच."

"धरलंय गं. मी स्वतः ठोकलं."

मिलीने मान हलवली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. वाँडा थांबली. ती कमरेवर हात ठेवलेली बाई थांबली. एमिल खिशात दोन्ही हात घालून उभा होता. आत मुठी आवळलेल्या, शब्द त्याच्या जिभेवर तयार. तो शब्द न उच्चारणं हे पत्रा धरण्यासारखं होतं. दुसरा ठोके घालत असताना धरणाऱ्याने नुसतं धरायचं असतं, हलायचं नसतं. सगळ्यात अवघड काम ते, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

"मोज," मिली म्हणाली. "पुन्हा. मोज."

वाँडाने चष्मा चढवला, पट्टी घेतली आणि वरून खाली बोट नेऊ लागली. मिली तळहात पुढे करून बसली होती, येणं होतं ते घेण्यासाठी.